कच्च्या मातीचा अस्थिकलश : अखेरचा हात

पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेले दफनकुंभ सापडले. आत बालकांच्या अस्थी होत्या. सुमारे ३ हजार वर्षे ते टिकले, कारण ते भाजलेले होते. भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. नदीत सोडलेला भाजका कलश तळाशी खापर होऊन राहतो. विरघळणारा कलश हवा असेल, तर तो कच्चाच ठेवावा लागतो आणि सारी मदार अखेरच्या हातावर येते.

नखाचा ठसा जेमतेम उमटेल इतका कलश आळला, की तो गुळगुळीत गारगोटीने किंवा चमच्याच्या पाठीने घोटावा. मातीचे चपटे कण एकसारखे बसून पृष्ठभाग चमकू लागतो. याआधी घोटल्यास माती गारगोटीला चिकटते. पूर्ण वाळल्यावर नुसते ओरखडे उठतात. काठ आधी वाळतो, बूड मागाहून. म्हणून कलश कापडाखाली, सावलीत, अधूनमधून उलटा करून वाळवावा. गोव्याच्या पावसाळ्यात घाई करूच नये. रंग हवाच असेल तर पाण्यात कालवलेला गेरू, तोही घोटण्यापूर्वी. तैलरंग आणि वार्निश पाणी अडवतात. मग कच्चेपणाला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. अस्थी दूध-पाण्याने धुतलेल्या असतात. त्या ओल्याच भरल्या, तर बूड घाटावर पोहोचण्याआधीच सुटते. त्या पुरत्या वाळवून सुती कापडात बांधून ठेवाव्यात आणि कलश काठाला न धरता दोन्ही हातांनी बुडाखालून उचलावा.