एकाकी पद : गोंडवाना विद्यापीठ, मैदान आणि मोक्याच्या जागा



विद्यापीठाचा विषय निघाला की आपण शिष्यवृत्ती, वसतिगृह, फेलोशिप आणि रोस्टरवर बोलतो. बोललेच पाहिजे. पण विद्यापीठाला क्रीडा विभागही असतो. त्याला संचालक असतो, मंडळ असते, अंदाजपत्रक असते. आपल्या पोरांनी प्रवेशाच्या वेळी भरलेल्या शुल्कात क्रीडा शुल्कही असते. हे सगळे आपल्या चर्चेत येत नाही, कारण खेळ म्हणजे हौस अशी आपली समजूत आहे. पोट भरल्यावर करायची गोष्ट.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही समजूत टिकत नाही. गडचिरोली, चामोर्शी, आरमोरी, मूल, कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा. पोरे-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. म्हणजे इथे धावणे हा भाकरीचा प्रश्न आहे. यातली कितीतरी पोरे कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या पटावर आहेत. विद्यापीठाच्या संघनिवडीला मात्र यातली फार थोडी पोहोचतात. मैदानावर आपण कमी पडत नाही. मैदानाबद्दलचे निर्णय ज्या खोलीत होतात तिथे आपण नसतो. तिथे का नसतो, यामागे इतिहास आहे आणि कायदाही आहे.

इतिहासापासून सुरुवात करू. पाळवणकर बाळू हे नाव आपल्या तरुणांना माहीत असते, पण अर्धेच. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी सांभाळायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, त्याचा स्पर्श नको होता. चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच दिले गेले नाही. १९२० साली बाळूला वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी त्याचा भाऊ विठ्ठलही डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीरपणे संघातून अंग काढून घेतले. वाद पेटला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. याच बाळूने पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभव पत्करला. तेही सांगितले पाहिजे, कारण पूज्य नावांची यादी करायला आपण बसलेलो नाही.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की संघात अकरा जागा असतात आणि कर्णधाराची एक. अकरांतली एखादी जागा ते देतात. ती देण्यात त्यांचाच फायदा असतो, सामना जिंकायचा असतो. ती एक जागा मात्र सुटत नाही.

ती सुटली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. जयपालसिंह मुंडा हा छोटा नागपूरचा आदिवासी मुलगा ऑक्सफर्डला शिकला, विद्यापीठाकडून हॉकी खेळला आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचा कर्णधार झाला. मतभेदांमुळे शेवटच्या सामन्यांआधीच त्याने संघ सोडला, पण भारताचे हॉकीतले पहिले सुवर्णपदक त्याच स्पर्धेतले. हाच माणूस पुढे संविधान सभेत बसून आदिवासींच्या वतीने बोलला. विद्यापीठाच्या मैदानावर मिळालेले नेतृत्व मैदानापुरते राहत नाही. ते राहत नाही म्हणूनच ते कोणाला द्यायचे याबद्दल एवढी काळजी घेतली जाते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९२७ साली मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब त्यावर बोलले. सिनेटमध्ये मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व असलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सिनेट ही विद्वानांची जागा, तिथे जातीचा काय संबंध, असे समोरून म्हटले जात होते. आजही आपल्याला हेच ऐकवतात, फक्त विद्वानांच्या जागी मेरिट हा शब्द आला आहे. बाबासाहेबांच्या मांडणीचा आशय असा की शिकवायचे कसे हे ठरवायला तज्ज्ञांची मंडळे आहेत. सिनेटमध्ये समाजाच्या गरजा मांडल्या जातात आणि ज्याची गरज आहे त्यानेच ती मांडायला हवी. भौतिक लाभांवर एकवेळ पाणी सोडू, उच्च शिक्षणाच्या हक्कावर सोडणार नाही, ही भूमिका त्यांनी त्याच भाषणांत घेतली. महाडच्या सत्याग्रहाचे हे वर्ष आहे. चवदार तळे आणि विद्यापीठाचे सिनेट हे दोन्ही लढे त्यांनी एकाच वर्षात चालवले. आपण तळे लक्षात ठेवले, सिनेट विसरलो.

आपल्या भागाचे म्हणाल तर नागपूर विद्यापीठ १९२३ चे. तेव्हापासून चांदा जिल्ह्यातला विद्यार्थी नागपूरच्या तोंडाकडे बघत आला. १९८२ साली २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी विद्यापीठ नागपुरातच. सिरोंचाच्या मुलाने विद्यापीठाच्या निवड चाचणीला जायचे म्हणजे आधी दोनशेहून अधिक किलोमीटर गडचिरोली, मग पुढे आणखी पावणेदोनशे नागपूर. एसटीत रात्र काढून सकाळी पंधराशे मीटर धावायचे. ज्याचा मामा-काका नागपुरात आहे तो आदल्या दिवशी जाऊन झोपायचा. अशा वेळी निवड झाली नाही की कागदावर कारण लागते 'कामगिरी कमी'. एसटीतल्या रात्रीसाठी निकालपत्रात रकाना नसतो.

२०११ च्या २७ सप्टेंबरला गोंडवाना विद्यापीठ अस्तित्वात आले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूरपासून सुटले. २०११ च्याच जनगणनेत गडचिरोलीत अनुसूचित जमाती ३८ टक्क्यांहून अधिक आणि अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या वर होत्या. म्हणजे जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस. चंद्रपुरात दोन्ही मिळून तिसरा हिस्सा. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, ज्या चांद्याच्या तुरुंगात १८५८ साली बाबुराव शेडमाके फासावर गेले, त्या मुलखाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, आणि नावही गोंडवाना. आनंद झाला. व्हायलाच हवा होता.

मग खुर्च्यांकडे बघितले. विद्यापीठाचे पहिले तीन नियमित कुलगुरू डॉ. विजय आईंचवार, डॉ. नामदेव कल्याणकर आणि डॉ. प्रशांत बोकारे. तिघेही पुरुष. आमचे म्हणणे या व्यक्तींबद्दल नाही, त्यांनी बरेवाईट काय केले याचा हा लेख नाही. आमचे म्हणणे त्या पदाबद्दल आहे, आणि त्यासाठी एका निकालाकडे जावे लागते.

चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ च्या एप्रिलमध्ये सांगितले की संवर्गात एकच पद असेल तर ते आरक्षित करता येत नाही. बिंदुनामावली फिरवूनही नाही. एकच पद आरक्षित केले तर शंभर टक्के आरक्षण होते, हा तर्क. सरकारी भाषेत याला 'एकाकी पद' म्हणतात. आता विद्यापीठाचा तक्ता मांडा. कुलगुरू एक. प्र-कुलगुरू एक. कुलसचिव एक. वित्त व लेखा अधिकारी एक. परीक्षा मंडळाचा संचालक एक. विद्यार्थी विकासाचा संचालक एक. क्रीडा व शारीरिक शिक्षणाचा संचालक एक. सही करणारा प्रत्येक माणूस एकाकी. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत रोस्टर चालते आणि जिथून पुढे निर्णय सुरू होतात तिथे ते थांबते. बाळूच्या संघासारखेच. अकरांत जागा आहे, कर्णधारपद एकाकी आहे.

कोणी म्हणेल, गुणवत्तेवर आपले लोक पोहोचतातच की. पोहोचतात. १८५७ च्या मुंबई विद्यापीठात डॉ. भालचंद्र मुणगेकर कुलगुरू झाले ते २००० साली. १४३ वर्षे लागली. पुण्यात डॉ. नरेंद्र जाधव झाले. या दोन नावांचा दाखला आपल्याला इतक्या वेळा दिला जातो की त्यातूनच यादी किती लांब आहे ते कळते. बाबासाहेब मोक्याच्या जागा म्हणत त्या याच. नोकरीतला टक्का वेगळा आणि हुकूम काढणारी जागा वेगळी.

मैदानापुरते बोलू. पूर्वी, म्हणजे १९९४ च्या कायद्यात, खेळाचा कारभार विद्यार्थी कल्याणात मोडायचा. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे स्वतंत्र मंडळ दिले. हे चांगले झाले. पण मंडळ काय ठरवते ते बघा. कोणती स्पर्धा कुठल्या महिन्यात, कुठल्या गावात, चाचणी किती दिवस आधी कळवायची, प्रवासभत्ता आगाऊ की नंतर. हे किरकोळ वाटते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्याच दिवसांत चाचणी ठेवली तर भामरागड त्या वर्षी स्पर्धेतून गेला. कोणी जातीयवाद केला नाही, कोणी अपशब्द काढला नाही, फक्त तारीख ठरवली. धानाची कापणी लागली की कोरचीची मुलगी बांधावर असते. हे माहीत असलेला माणूस तारीख ठरवत असता तर ती वेगळी पडली असती. बाबासाहेब गरज मांडणारा माणूस सिनेटमध्ये हवा म्हणत होते, त्याचा अर्थ इतका साधा आहे.

प्रवासभत्त्याचेही तसेच. आमच्या ओळखीतल्या एका धावपटू मुलीने, महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, स्पर्धेच्या प्रवासासाठी वडिलांच्या मजुरीतून उसने घेतले. भत्ता सत्र संपता संपता मिळाला. पुढच्या वर्षी तिने नावच दिले नाही. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. प्राचार्यांना वंदनच. पण प्राचार्याने घर गहाण ठेवल्याशिवाय खेळाडू जात नाही, ही व्यवस्थेची तारीफ नव्हे.

प्रशासनाने मनावर घेतले तर काय होते, ते याच जिल्ह्याने पाहिले. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांतली पाच मुले-मुली एव्हरेस्टवर पोहोचली. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाने निवड केली, प्रशिक्षण दिले, पैसा दिला. जिवती-राजुऱ्याची पोरे, ज्यांनी बर्फ पाहिलाही नव्हता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बल्लारपूरजवळ विसापूरच्या संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. म्हणजे पोरे आहेत, मैदानही उभे राहू शकते. शाळेच्या वयात दिसणारी ही पोरे महाविद्यालयात गेल्यावर कुठे हरवतात, हा प्रश्न विद्यापीठाचा आहे. डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाचा अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी खेळांपासून कसे बाजूला पडतात याचीही नोंद आहे. ते तर देशातले नावाजलेले आवार.

थोडे नावांबद्दल, कारण नावातून कारभाराचे मन कळते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा राज्यस्तरीय क्रीडा महोत्सव 'अश्वमेध' नावाने ओळखला जातो. ज्या पुष्यमित्र शुंगाच्या राजवटीला बाबासाहेबांनी बौद्ध क्रांतीविरुद्धची प्रतिक्रांती म्हटले, त्याने केलेला यज्ञ तो हाच. आमचा पोरगा बुद्धविहारात त्रिशरण घेऊन अश्वमेधला धावायला जातो आणि कोणाला काही खटकत नाही. २०२३ च्या जानेवारीत गोंडवानाच्या सिनेटमध्ये सभागृहाला अभाविपच्या उभारणीशी जोडलेले दत्ताजी डिडोळकर यांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा आदिवासी आणि बहुजन संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या विरोधात आम्ही मनाने आहोत. फक्त एक विचारावेसे वाटते : ठराव ज्या बैठकीत झाला तिथे आपले किती हात होते? नामांतरासाठी आपण १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे रक्त सांडले. ती ताकद सिनेटच्या निवडणुकीत का दिसत नाही?

कारण तिथे, एवढ्या सगळ्या एकाकी पदांच्या शेजारी, एक दार उघडे आहे. २०१६ च्या कायद्यात नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य सिनेटवर निवडून जातात. त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा. मुदत पाच वर्षांची. अंदाजपत्रक सिनेटपुढे येते, सदस्याला प्रश्न विचारता येतो. क्रीडा शुल्क म्हणून किती जमा झाले, त्यातले भत्त्यावर किती गेले, किती दिवसांत दिले, दुर्गम तालुक्यांतून किती खेळाडू चाचणीला आले, हे सगळे प्रश्न तिथे विचारता येतात. माहितीच्या अधिकारात आपणही विचारू शकतो, पण सिनेटमधल्या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात राहते.

विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुकांची वाट बघत बसू नका. २०१९ मध्ये तयारी झाली आणि पुढे ढकलल्या. पदवीधरांचे मात्र आपल्या हातात आहे. पदवी मिळाली म्हणून मतदारयादीत नाव लागत नाही. अर्ज स्वतः भरावा लागतो, सोबत पदवी आणि रहिवासाचा कागद जोडावा लागतो. राजुरा आणि चामोर्शी तालुक्यांत विहारांत बसून आम्ही हे अर्ज भरून घेतो आहोत. पुढे अहेरी आणि एटापल्ली. तिथे आदिवासी विद्यार्थी संघटनांच्या साथींना सोबत घेऊन जायचे ठरले आहे.