‘नवऱ्याच्या कागदांवर’

अमेरिकेत १८५५ च्या कायद्याने नवरा नागरिक झाला की परदेशातून आलेली बायकोही आपोआप नागरिक होई. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ च्या केबल कायद्याने हे बंद झालं. आता तिला स्वतः अर्ज करणं, इंग्रजी बोलता येणं आणि सही स्वतःच्या हाताने करणं भाग होतं. हक्क मोठाच, पण दिवसभर घरात राबणाऱ्या बाईने इंग्रजी शिकायचं कुठे? एडिथ टेरी ब्रेमर यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्कला वायडब्ल्यूसीए या महिला संघटनेतर्फे सुरू केलेल्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट’ने यासाठी स्थलांतरितांपैकीच, त्यांची बोली जाणणाऱ्या बायका कामावर नेमल्या. मांडीवरचं मूल सावरत नावाचं एकेक अक्षर गिरवणारी आई त्यांना परकी नव्हती.