शंक्वाकार स्वच्छमंडल : नेत्रचिन्हांचा इतिहास

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटल (स्वच्छमंडल) पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते, त्या विकारास ही संज्ञा आहे. लिव्हरपूलचे जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्या काळी बाजूने दिसणारा उंचवटा हाच निदानाचा मुख्य आधार असल्याने विकार बळावल्यावरच तो ओळखू येई.

ब्रूनो फ्लायशर यांनी १९०६ मध्ये शंकूच्या पायथ्याभोवतीचे, लोहसंचयामुळे उमटणारे तपकिरी वलय नोंदविले. (विल्सन रोगातील कायझर-फ्लायशर वलय तांब्याचे व निराळे होय, नामसाम्यामुळे विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो.) आल्फ्रेट फोग्ट यांच्या नावाच्या बारीक, बहुधा उभ्या रेषा स्लिट लॅम्पने खोल थरांत दिसतात आणि नेत्रगोलावर हलका दाब देताच नाहीशा होतात. रिझुटी यांनी १९७० मध्ये वर्णिलेल्या चिन्हास साधी विजेरी पुरते : कानशिलाकडून प्रकाश टाकला असता स्वच्छमंडलाच्या नाकाकडील कडेशी तेजस्वी ठिपका उमटतो.

नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील पाहणीत (प्रसिद्धी २००९) तिशीपुढील व्यक्तींत या विकाराचे प्रमाण २.३ टक्के आढळले. प्रमाण मोठे आहे; परंतु तेथे ४८ डायॉप्टर वा अधिक वक्रीभवनशक्ती हीच कसोटी होती, चिन्हे नव्हेत. लहान नेत्रगोलाचे स्वच्छमंडल मुळातच अधिक वक्र असते, म्हणून हा आकडा जपून वापरावा. तथापि ठळक चिन्हांची वाट पाहणेही इष्ट नाही. ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या रायबोफ्लाविन व जंबुपार किरणांच्या उपचाराने (२००३) विकाराची वाढ बहुधा थोपविता येते. झालेली हानी मात्र फारशी भरून येत नाही.