आवराआवरीतला कागद

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी माझ्या परीक्षेचे दिवस. माळ्यावरची गाठोडी खाली येतात, सौभाग्यवती पदर खोचून उभी राहते, आणि "अहो, हे ठेवायचे की रद्दीत?" एवढा एकच प्रश्न दिवसभर चालतो. यंदा एका गाठोड्यात सातवीच्या जुन्या चाचणीचे पेपर निघाले, आणि मी तिथेच धुळीत फतकल मारून वाचीत बसलो. एका मुलाने लिहिले होते, "प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, पण एका प्रकारच्या प्लास्टिकमधून वाहते." उत्तरार्धावर माझी तांबडी काट होती आणि अर्धा मार्क कापलेला होता.

पेपर २००९ सालचा. त्या मुलाचे म्हणणे सिद्ध करणाऱ्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले होते ते २००० सालीच! मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराला हे कोठून ठाऊक असणार, अशी मी मनाची समजूत घातली. पण सातवीतल्या पोराला ते ठाऊक होते, त्याचे काय?

मग मी वाचू लागलो. वेल्डिंगवाल्याकडे असतो तो ॲसिटिलीन वायू. त्याचे कण एकापुढे एक गुंफले की पॉलिॲसिटिलीन होते. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्याकडे काम करणाऱ्या एका पाहुण्या संशोधकाने चुकून उत्प्रेरक हजार पट घातला, आणि काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चकाकणारा पापुद्रा तयार झाला. १९७६ साली फिलाडेल्फियाला ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासह शिराकावांनी त्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली. त्याची वीज वाहण्याची शक्ती एक कोटी पटीने वाढली. पंगत खचाखच भरलेली असली की कोणाला हलता येत नाही. एक पाट रिकामा झाला की शेजारचा सरकतो, मग त्याच्या शेजारचा. आयोडिन त्या साखळीतले काही इलेक्ट्रॉन उठवून नेतो, एवढीच त्यातली युक्ती.

पण मला खरा भेटला तो अकिरा योशिनो. हा जपानी गृहस्थ असाही कासेई या कंपनीत नोकरीला होता. शाळेतल्या शिक्षकांनी फॅरडेचे मेणबत्तीवरील व्याख्यानांचे पुस्तक वाचायला सांगितले, तेव्हापासून त्याला रसायनाचे वेड. (असे मास्तरही असतात!) कंपनीतले त्याचे पहिले तीन उद्योग फसले. १९८१ साली त्याने पॉलिॲसिटिलीन हाती घेतले आणि पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीचे ऋण टोक त्याचे करता येईल, असे त्याला दिसून आले. लिथियम धातूचे टोक केले तर पेट घेण्याची भीती असे. मात्र त्याच्या जोडीला लिथियम पुरवणारे धन टोक हवे, आणि तेच मिळेना.

१९८२ संपत आले. जपानात वर्षअखेरीस सगळीकडे साफसफाई करण्याची चाल आहे, आपल्या दिवाळीसारखीच. प्रयोगशाळा झाडूनपुसून झाली, दुपारी हाताला काम नाही, म्हणून योशिनोने मागवून ठेवलेला पण न वाचलेला एक निबंध उघडला. ऑक्सफर्डच्या जॉन गुडइनफ यांचा, १९८० सालचा. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवरचा. हवे होते ते धन टोक त्यात होते! १९८३ साली दोन्ही टोके जुळली.

पुढचा भाग मला अधिक अवघड वाटतो. पॉलिॲसिटिलीन हलके खरे, पण जागा फार खाई. शिवाय टिकाऊही नव्हते. ज्याच्या आधाराने तो इथवर आला तेच त्याने बाजूला ठेवले आणि कार्बनचे धागे घेतले. १९८५ साली ती बॅटरी सिद्ध झाली. १९८६ साली तिच्यावर लोखंडी वजन टाकून पाहिले; लिथियम धातूची बॅटरी भडकली, ही भडकली नाही. १९९१ साली ती बाजारात आली. २०१९ साली योशिनो, गुडइनफ आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना नोबेल मिळाले. आपल्या खिशातला फोन त्याच घराण्यातल्या बॅटरीवर चालतो.

तो मुलगा आता पुण्यास नोकरीला असतो. भाऊबिजेला बहिणीकडे गावात येणार आहे, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. बाकीचे पेपर रद्दीत गेले. त्याचा मात्र मी टेबलावर काढून ठेवला आहे, आणि तांबड्या शाईचे पेन त्याच्यावर.