सातबाऱ्यावरचं नाव आणि म्हातारपणाची भाकर

गटाच्या बैठकीत आपण कर्जाचा हप्ता, शेळ्या, पोरांच्या फिया, सगळ्यावर बोलतो. पण उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर औषधपाण्याचा आणि रात्रंदिवस करणाऱ्या माणसाचा खर्च कोण उचलणार, हा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, "आहेत की पोरं!" असतीलही. आपल्या आज्या-पणज्याही हेच म्हणत होत्या. त्यांच्या हातात त्या वेळी दुसरं काही नव्हतंच. आपल्या हातात काय आलं, कसं आलं, आणि ते आपण काय करतो, हे आज पाहू.

जुन्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या जमिनीत बाईला हिस्सा नव्हता. तिला हक्क होता पोटगीचा, म्हणजे अन्न, वस्त्र आणि डोक्यावर छप्पर. तिचं म्हणावं असं फक्त स्त्रीधन. आपल्या मुंबई इलाख्यात 'व्यवहारमयूख' हा ग्रंथही मानला जाई. तो सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी काशीत लिहिला, पण हे भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं. या ग्रंथामुळे इकडे बाईची स्थिती थोडी बरी होती. वडिलांची स्वतंत्र मिळकत मुलीकडे आली, तर ती पूर्ण मालकीनं येई. पण मुलीची पाळी यायची ती मुलगा आणि विधवा नसेल तेव्हाच.

१८५६ साली विधवेला पुन्हा लग्न करण्याची परवानगी देणारा कायदा झाला. त्याच कायद्यात असंही लिहिलं होतं की, दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. म्हणजे तिला संसार हवा तर भाकर सोडावी लागे, आणि भाकर हवी तर संसार.

मग आला १९३७ सालचा कायदा. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी तो कायदेमंडळात मांडला होता, म्हणून त्याला लोक 'देशमुख कायदा' म्हणत. विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरता. ती जमीन कसू शकत होती, पिकवून खाऊ शकत होती, पण मनासारखी विकू शकत नव्हती, कुणाला देऊ शकत नव्हती. कुटुंबाची निकड दाखवली तरच विक्री टिकायची. शिवाय १९४१ साली फेडरल कोर्टानं सांगितलं की, हा कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू नाही. गावातल्या बाईकडे शेतजमिनीशिवाय दुसरं काय असतं? त्यासाठी प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढे नेलं. ते रखडवलं गेलं, आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल एक मोठं कारण होतं. पुढे त्याचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याचं १४ वं कलम आपण पाठ करून ठेवावं असं आहे. बाईच्या ताब्यातली मिळकत आता हयातीपुरती राहिली नाही, ती तिच्या पूर्ण मालकीची झाली. वडिलांच्या स्वतःच्या कमाईतही मुलीला मुलाइतका वाटा मिळाला.

वडिलोपार्जित जमिनीत मात्र जन्मानं हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं तो २२ जून १९९४ पासून मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, २००५ साली त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री यांना धक्का लागत नाही.

सरकारनं दिलं तेवढ्यावर बायका थांबल्या नव्हत्या. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. नवऱ्यानं आपल्या हयातीतच थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. कितीतरी बायकांचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा आलं ते या मोहिमेमुळे.

एवढ्या वर्षांनी हातात आलेलं आपण कसं सोडतो, तेही बघू. एक म्हणजे हक्कसोड. माहेर तुटू नये म्हणून आपण सही करतो आणि साडी-चोळी घेऊन परत येतो. दुसरं म्हणजे बक्षीसपत्र. "आई, आत्ताच नावावर करून टाक, पुढे कटकट नको," असं मुलगा म्हणतो. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर आणि शेतजमीन मुलाबाळांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. म्हणून हा कागद झटकन होतो. पण बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्राचा अंमल आपल्या मरणानंतर सुरू होतो. तोवर जमीन आपली, आणि मन बदललं तर कागदही बदलता येतो. म्हातारपणाचा सगळा प्रश्न या दोन कागदांतल्या फरकात आहे.

देऊन बसलेल्यांचे हाल बघून २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. आई-बापाला प्रांतसाहेबांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. जबाबदारी मुलाची तशी मुलीचीही आहे. लग्न झालेल्या मुलीवरही ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच एका महाराष्ट्रातल्या दाव्यात सांगितलं होतं.

याच कायद्याचं २३ वं कलम सांगतं की, सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करता येतं. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, अशी अट होती हे दाखवावं लागेल. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मिळकत परत मिळवून दिली. तिथे आईला सांभाळायचं हे मुलाकडून लिहून घेतलेलं होतं. दोन्ही निकालांतून एकच गोष्ट शिकायची: द्यायचंच असेल तर "सांभाळण्याच्या अटीवर" हे शब्द कागदात हवेत.

आता मृत्युपत्राचं. पूर्वी गावाकडे हिंदू माणसानं मरताना तोंडी सांगितलेलंही चाले. १ जानेवारी १९२७ पासून ते लेखी हवं, सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदार हवेत. म्हणजे "आईनं शेवटच्या घटकेला सांगितलं होतं" याला जवळजवळ शंभर वर्षं कायद्यात किंमत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला वाटा द्यायचा त्याला साक्षीदार करू नये.

मृत्युपत्र नसलं तर काय होतं, ते २००९ सालच्या एका निकालात दिसतं. एका बाईचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत सर्पदंशानं गेला. सासरच्यांनी तिला हाकलून दिलं. आई-वडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, तिनं स्वतः पैसा साठवला. १९९६ साली ती मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईनं दावा लावला. पैसा मात्र गेला नवऱ्याच्या भाच्यांकडे, कारण मूलबाळ नसलेल्या विधवेच्या स्वकमाईचे वारस कायद्यानं आधी सासरचे असतात, मग आई-बाप. एक पानभर कागदानं हे टळलं असतं. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात घ्यावं.

हा वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख बहिणींना लागू आहे. आदिवासी बहिणींना तो सरसकट लागू नाही. मुसलमान बहिणींचे वाटे शरियतप्रमाणे ठरतात, आणि मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशच देता येतं. त्यांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारावं. तिथे बायकांना मोफत वकील मिळतो.

आता खर्चाचा हिशोब. दवाखान्यात भरती झालो तर आयुष्मान कार्डाचा आधार असतो. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत ते मिळतं. पण पक्षाघातानंतर खाटेवर पडून काढलेली दोन-चार वर्षं त्या कार्डात बसत नाहीत. तिथे लागतात लंगोट, मलम, रोजच्या गोळ्या आणि एक माणूस. ते माणूस म्हणजे बहुतेक घरांत सून किंवा लेक. तिची बुडालेली मजुरी कुणी मोजत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये गरीब घराला आधार देतात, पण सगळं त्यात भागत नाही. राहिलेला खर्च निघतो तो आपल्या नावावरच्या तुकड्यातून, त्याच्या खंडातून, गरज पडली तर त्याच्या विक्रीतून. तो तुकडा आधीच देऊन टाकला असेल तर आपण पुन्हा पणजीच्या जागी, दुसऱ्याच्या मर्जीवर.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा आणि घराचा नमुना आठचा उतारा आणावा. नाव आहे का, कशानं आलं, ते वाचू. बँकेच्या खात्याला वारसनोंद आहे का तेही पाहू. पण ती नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे ध्यानात ठेवू. हक्कसोडीचा किंवा बक्षीसपत्राचा कागद पुढे आला तर त्याच दिवशी सही करायची नाही, आधी गटात दाखवायचा. मुलांवर विश्वास नाही म्हणून हे नाही. जी सून आपलं करणार, तिच्या कष्टाचं मोल मृत्युपत्रात लिहून ठेवता यावं, म्हणूनही आपल्या नावावर काहीतरी शिल्लक राहायला हवं.

येते मंगळवारी भेटू. कागद विसरू नका. नमस्कार.