पुन्हा राजघराण्यात जन्म नको

राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याचे सिंहासन, चवऱ्या आणि भालदार-चोपदार उभे राहतात. आजीच्या गोष्टीतल्या राजाला दुःख असलेच तर ते पोटी मूल नसल्याचे! त्या राजाला रात्री झोप लागत होती की नाही, हे आजी सांगत नाही. इतिहास मात्र सांगतो. आणि चीनचा इतिहास तर फार बारकाईने सांगतो. कारण नवे घराणे गादीवर आले की त्याने मागच्या घराण्याचा इतिहास लिहवून घ्यायचा, अशी तिकडची रीत होती. गादी गेलेल्या राजांचे शेवटचे दिवस त्यामुळे आपल्याला वाचायला मिळतात. दिवाळीच्या फराळाबरोबर असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वैभवाच्या या दिवसांतच वैभवाची दुसरी बाजू पाहून घ्यावी, असे मला वाटते.

आरंभी हा प्रकार इतका भयंकर नव्हता. चारशे वर्षे नांदलेल्या हान घराण्याचा शेवटचा बादशहा शिएन-ती याने इ. स. २२० मध्ये त्साओ फी नावाच्या सत्ताधाऱ्याला गादी सोडून दिली. या बिचाऱ्याने आधी पुष्कळ सोसले होते. त्याच्या राणीला त्साओ फीच्या बापाने सहा वर्षांपूर्वी मारविले होते. पण गादी सोडल्यावर त्याला सरदारकी मिळाली, जहागीर मिळाली, आणि तो २३४ साली आपल्या मरणाने मेला. त्याची गादी घेणारा त्साओ फी त्याच्या आठ वर्षे आधीच गेला होता! पुढे २६६ साली त्साओ घराण्याच्या वंशजावर तीच पाळी आली. त्यालाही चिन घराण्याने जगू दिले. म्हणजे पायउतार झालेल्या राजाला मारलेच पाहिजे असा काही निसर्गनियम नव्हता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

नियम मोडला लिऊ यू नावाच्या सेनापतीने. गरिबीतून वर आलेला हा पराक्रमी पुरुष. ४२० साली त्याने चिन घराण्याच्या शेवटच्या बादशहाकडून गादी घेतली. बादशहाने राजीनाम्याच्या आज्ञापत्रावर कुरकूर न करता हात चालवला. त्याच्याजवळ ना सैन्य, ना खजिना. पण लिऊ यूला चैन पडेना. हा जिवंत आहे तोवर उद्या कोणीही त्याच्या नावाने बंड उभारील, ही भीती!

इकडे त्या पदच्युत बादशहाची काय अवस्था झाली होती? तो आणि त्याची राणी एकाच खोलीत राहत. विषाच्या धास्तीने राणी पलंगाशेजारी चूल मांडून स्वतःच्या हाताने अन्न शिजवी. काल ज्यांच्या ताटाभोवती शेकडो सेवक उभे असत, ती दोघे आज एका हंडीवर डोळ्यांत तेल घालून पहारा करीत होती. शेवटी ४२१ साली राणीला तिच्या भावाने भेटीच्या निमित्ताने बाहेर बोलावले आणि शिपाई भिंतीवरून आत उतरले. त्यांनी विषाचा पेला पुढे केला. बादशहा बौद्ध होता. आत्महत्या करणाऱ्याला पुन्हा माणसाचा जन्म मिळत नाही, म्हणून त्याने विष नाकारले. तेव्हा शिपायांनी त्याला रजईखाली घुसमटवून मारले.

या घटनेला अठ्ठावन्न वर्षे झाली. आता गादीवर लिऊ यूच्याच घराण्यातला बारा-तेरा वर्षांचा पोर होता. ४७९ साली शिआओ ताओ-चेंग या सेनापतीने त्याच्याकडून गादी घेतली. समारंभाच्या दिवशी मुलगा सापडेना. तो बुद्धमूर्तीच्या छत्राखाली लपून बसला होता. वांग चिंग-त्से नावाच्या सरदाराने त्याला बाहेर काढले. मला मारणार का, असे पोराने विचारले. दुसऱ्या वाड्यात राहायला जायचे आहे एवढेच, असे सरदार म्हणाला, आणि वर त्याने ऐकवले की, तुझ्या वाडवडिलांनी चिन घराण्याचे असेच केले होते. पोर रडू लागले आणि म्हणाले, आता पुढच्या कुठल्याही जन्मी राजघराण्यात जन्म नको.

थोड्याच दिवसांनी त्याच्या नव्या घराच्या दारावरून कोणी घोडेस्वार भरधाव गेला. पहारेकऱ्यांना वाटले, राजाला सोडवायला बंडखोर आले. त्यांनी घाबरून आत जाऊन त्या मुलाला ठार केले. टापांचा नुसता आवाज. तेवढ्याने एक जीव गेला. आणि घाबरणारे कोण? हातात शस्त्रे असलेले!

शिआओ ताओ-चेंगला हे सारे कळत नव्हते असे नाही. ४८२ साली मरताना त्याने मुलाला बजावले की, मागच्या घराण्याने आपल्याच रक्ताच्या माणसांना मारले नसते, तर परक्यांना संधी मिळती ना. तू त्यापासून धडा घे. उपदेश सोन्यासारखा होता. परंतु पुढे त्याचाच पुतण्या शिआओ लुआन गादी बळकावून बसला आणि त्याने चुलत्याचा वंश निखंदून काढला. ४९८ साली एका झपाट्यात दहा राजपुत्र मारले. हा गृहस्थ कोणाला मारायचे ठरवले की आदल्या रात्री धूप जाळी आणि ओक्साबोक्शी रडे. तो धूर दिसला की लोक समजत, उद्या कोणाची तरी पाळी. त्याचे ते रडे सगळेच ढोंग असेल असे मला वाटत नाही. माणूस रडतही असतो आणि मारतही असतो. भीती ही दोन्ही कामे एकाच वेळी करून घेते. चार वर्षांनी, ५०२ साली, हेही घराणे संपले.

त्यानंतर शंभरावर वर्षांनी सुइ घराण्याचा यांग-ती गादीवर होता. मोठमोठे कालवे खणवणारा, कोरियावर प्रचंड फौजा पाठवून हात पोळून घेणारा हा बादशहा. राज्यभर बंडे पेटल्यावर तो दक्षिणेत यांगचौला जाऊन राहिला. तिथे एकदा आरशात पाहून, एवढी सुरेख मान, ही कोण तोडणार, असे तो राणीला म्हणाला. प्रसंगाला जवळ असावे म्हणून त्याने विष तयार ठेवले होते. ६१८ साली खरोखर प्रसंग आला तेव्हा विष सांभाळणारे सेवकच पळाले होते. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा बारा वर्षांचा मुलगा मारला गेला, आणि मग त्याचा गळा आवळला गेला. त्याचा नातू यांग तुंग लोयांगला नावापुरता राजा झाला होता. ६१९ साली त्याच्यापुढेही विष आले. त्याने आईला एकदा भेटू द्या म्हणून विनवले. तेही मिळाले नाही. तेव्हा त्या पंधराएक वर्षांच्या मुलाने चटई अंथरून बुद्धाला नमस्कार केला आणि मागितले काय? पुन्हा राजघराण्यात जन्म नको.

एकशेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन मुलांच्या तोंडून एकच मागणे निघाले. तिसऱ्यांदा ते निघाले एका बापाच्या तोंडून, आणि तेही तलवार उपसून.

मिंग घराण्याचा शेवटचा बादशहा चुंगचेन कष्टाळू होता, साधा होता; पण संशयाने त्याला पोखरले होते. सतरा वर्षांत त्याने पन्नासच्या आसपास मुख्य मंत्री बदलले. मांचूंना अडवून धरणारा सेनापती युआन चुंग-हुआन याच्यावर फितुरीचा संशय घेऊन १६३० मध्ये त्याने त्याला हालहाल करून मारविले. १६४४ च्या एप्रिलमध्ये ली त्सि-चेंगचे बंडखोर पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, वेशीत शिरले तेव्हा विश्वासाचे माणूस उरले नव्हते. त्या रात्री त्याने मुलांना बाहेर पाठवले. पट्टराणीने गळफास घेतला. मग तो तलवार घेऊन मुलींकडे वळला. तू माझ्या घरी का जन्माला आलीस, असे म्हणत त्याने थोरलीवर वार केला. तिने हात आडवा धरला, तो तुटला. धाकटी सहाएक वर्षांची. ती जागीच गेली. पहाटे त्याने दरबाराची घंटा वाजवली. एकही मंत्री आला नाही. राजवाड्यामागच्या टेकडीवर त्याने झाडाला फास लावून घेतला. शेवटपर्यंत सोबत राहिला एक खोजा.

मुलींची अब्रू वाचावी म्हणून त्याने हे केले असे सांगतात. असेल. पण ज्या हाताने सेनापती मारला, त्याच हाताने मुलगी मारली, आणि दोन्ही वेळा त्या हाताला धरून नेणारी भीतीच होती. थोरली राजकन्या जगली. जेमतेम सहा आठवड्यांत मांचू पेकिंगमध्ये आले. त्या एकहाती मुलीने १६४५ मध्ये त्यांच्याकडे भिक्षुणी होण्याची परवानगी मागितली. मांचूंनी ती नाकारून तिचे लग्न लावून दिले. १६४६ साली ती वारली.

त्याच मांचूंचा शेवटचा बादशहा पू-यी. तीन वर्षांचा व्हायच्या आत, १९०८ साली, गादीवर बसला आणि १९१२ साली उतरला. पुढे जपान्यांनी मांचुरियात त्याला आपल्या हातचे बाहुले बनवून बसवले. तिथे त्याला जपान्यांचे भय, विषाचे भय, नोकरांचेही भय. तो शाकाहारी झाला. माशीसुद्धा मारू देईना. पण वाड्यातल्या अनाथ पोरांना मात्र फटक्यांनी झोडपून काढवी. असेच एक पोर पळून जाताना सापडले आणि मार खाऊन मेले. तेव्हा त्याचे भूत सूड घेईल म्हणून हा बुद्धापुढे पोथी वाचीत बसला! शिआओ लुआनच्या धुपाची इथे कोणाला आठवण होणार नाही? हे सारे पू-यीने स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ते १९६४ साली छापले गेले.

क्रौर्य हे सत्तेच्या मस्तीतून येते असे आपण म्हणतो. मस्तीतूनही येते, नाही असे नाही. पण या साऱ्या कथांत सत्ता जितकी कमी, तितके क्रौर्य जवळच्यांवर आणि दुबळ्यांवर घसरते. राजाचा हात शत्रूपर्यंत पोहोचेनासा झाला की तो मुलीपर्यंत पोहोचतो, अनाथ पोरापर्यंत पोहोचतो. आणि ही गोष्ट केवळ राजवाड्यातच घडते असे थोडेच आहे?

पू-यीला १९४५ मध्ये रशियनांनी पकडले, १९५० मध्ये चीनच्या हवाली केले. आपल्याला फाशीच होणार, असे तो धरून चालला होता. बुटाचे बंद बांधणेही तो तुरुंगात शिकला. १९५९ साली त्याला माफी मिळाली. पेकिंगच्या वनस्पती-उद्यानात काम मिळाले. रोपांना पाणी घालणाऱ्या त्या चष्मेवाल्या माणसाला भिण्याचे कोणाला कारण नव्हते, आणि त्यालाही कोणाला मारण्याचे. १९६७ साली तो आजारपणात वारला. त्या दोन मुलांनी पुढच्या जन्मासाठी जे मागितले, ते याला याच जन्मी मिळाले. त्यासाठी कोणीतरी एकदा न मारण्याचे ठरवावे लागले, एवढेच. त्साओ फीने ते सतराशे वर्षांपूर्वी ठरवून दाखवले होते.