मोरचूद-चुन्याची कुळकथा

गेवराई तालुक्यातल्या मोसंबीच्या बागेत पावसाळ्याच्या तोंडावर गेलं, की झाडांची खोडं जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत निळसर दिसतात. डिंक्या रोग येऊ नये म्हणून लावलेली ही बोर्डो पेस्ट. तिचं मूळ फ्रान्समधल्या द्राक्षचोरीत आहे.

बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून न्यायचे. म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडत. ते निळे डाग पाहून विषाच्या भीतीनं कोणी हात लावत नसे. त्याच काळात अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगानं फ्रान्सचे मळे उजाड व्हायला लागले होते. 1882 च्या शरदात बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मिलार्दे यांना सेंट ज्युलियन इथं दिसलं, की आतल्या वेलींची पानं गळून गेलीत आणि चोरांसाठी शिंपडलेल्या कडेच्या वेली हिरव्यागार उभ्या आहेत. त्या रस्त्यानं कितीतरी लोक रोज जात असतील. थांबून कारण विचारलं ते मिलार्देंनी. मला या शोधातलं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. पुढे रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्या मदतीनं प्रमाण बसवून त्यांनी 1885 मध्ये ही कृती जाहीर केली.

नुसत्या मोरचुदानं पानं करपतात. चुना मोरचुदातल्या तांब्याला धरून ठेवतो, ते थोडं थोडं सुटत राहतं आणि बुरशीचे बीजाणू रुजण्याआधीच मरतात. मोसंबीवर डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा ही केवड्याच्याच गोत्रातली. भारी जमिनीत बुंध्याशी पाणी साचलं, की ती सालीत शिरते, साल कुजते आणि डिंक वाहू लागतो.

फवारणीच्या 1 टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. खोडाच्या पेस्टला पाणी फक्त 10 लिटर. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचा, लोखंडी भांडं वापरायचं नाही. चुना गाळून घ्यायचा आणि मग दोन्ही एकत्र ढवळायचं. घासून लख्ख केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं त्यात बुडवून पाहायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिळं झालं की त्याचा गुण जातो.

डिंक वाहायला लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पावसाआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा एकदा पेस्ट लावा. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, आणि बोर्डोच्या नावाखाली नुसता चुना फासून समाधान मानू नका.